टेकडी सगळ्यात शेवटी! चाळिशीच्या आसपास व्यायाम सुरू करताना बायकांचा क्रम कुठे चुकतो

दर जानेवारीत आणि दर दिवाळीनंतर आमच्या पुण्यात तळजाई टेकडीवर नवे कोरे बूट दिसायला लागतात. महिन्याभरात ते गायब. मग तीच बाई भाजी घेताना भेटते, गुडघ्याला क्रेप बँडेज असतं आणि म्हणते, "अगं मला नाही बाई झेपत." झेपत नाही असं काही नसतं हो, क्रम चुकलेला असतो. टेकडी पहिल्या दिवशी, बूट दुसऱ्या आठवड्यात, ब्लड रिपोर्ट चक्कर आल्यावर आणि मांडीची ताकद कधीच नाही, असा उलटा कारभार चाललेला असतो.

मी पण हेच केलं होतं. एक्केचाळीसाव्या वर्षी थेट वेताळ टेकडी, तेही घरात होते ते जुने सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घालून. नवव्या दिवशी उतरताना उजवा गुडघा असा सुजला की जिना बसून उतरले. फिजिओकडे गेले तर त्यांनी गुडघा बघायच्या आधी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, हात न टेकता उठा-बसा करून दाखवा. सात वेळा केलं आणि आठव्याला हात टेकला. "गुडघा ठीक आहे तुमचा, वरच्या मांडीत काही नाहीये," एवढंच बोलल्या. त्यानंतर जे शिकले आणि सोसायटीतल्या सात-आठ जणींकडून करून घेतलं, ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरला विचारा असं लिहिलंय तिथे खरंच विचारा.

## टप्पा १: आधी रिपोर्ट, मग बूट

सगळ्यात जास्त बायका हाच टप्पा गाळतात, कारण "चालायला काय रिपोर्ट लागतो?" लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघाला. म्हणजे तुम्ही दहा जणी ग्रुप करून चालायला निघालात तर त्यातल्या पाच-सहा जणींचं हिमोग्लोबिन कमी असायची शक्यता धरूनच चला. आमच्या जाऊबाई दोन महिने "माझा स्टॅमिनाच नाही" म्हणत दुसऱ्या मजल्यावर धापा टाकायच्या, सगळे म्हणायचे हळूहळू सवय होईल. शेवटी रिपोर्ट काढला तर हिमोग्लोबिन ८.६. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात (गरोदरपणातला आकडा वेगळा). आता रक्तच कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजन पोचणार कसा, आणि स्टॅमिना येणार कुठून?

एकदाच लॅबमध्ये जाऊन एवढं करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीएवनसी, जमलं तर बी-१२ आणि डी व्हिटॅमिन. बीपी घरीच मोजा पण जिना चढून आल्या आल्या नको, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी.

रिपोर्टमध्ये काही निघालं तर घरी बसायचं असं अजिबात नाही. औषध सुरू करायचं आणि टप्पा ३ चं हळू चालणं डॉक्टरांच्या होकाराने चालू ठेवायचं. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगात कमी शोषलं जातं. गोळी आणि चहा यात तास-दीड तास तरी जाऊ द्या. पुण्यात हे पाळायला अवघड आहे मला माहितीये.

इथे थांबा, आधी डॉक्टर: छातीत दाब येतो, चालताना चक्कर येते, बीपी १८०/११० च्या आसपास आहे, हार्टचा काही इतिहास आहे, गरोदर आहात, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालंय, किंवा इन्सुलिन नाहीतर ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी चालू आहे. शेवटच्या मुद्द्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपल्याकडे चतुर्थी असते, श्रावण असतो, नवरात्र असतं. उपवास, वर सकाळची गोळी, वर तासभर चालणं, याने शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, डोळ्यापुढे अंधारी असं झालं की तिथेच बसा आणि साखर खा. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा चार-पाच गोड गोळ्या असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, उपवास मोडला तर मोडला.

आणखी एक. बायकांना हार्टचा त्रास होताना सिनेमासारखं छाती धरून कोसळणं होईलच असं नाही. जबड्यात, पाठीत, खांद्यात दुखणं, मळमळ, कारण नसताना प्रचंड थकवा, दम लागणं अशीही लक्षणं असतात, आणि आपण "ॲसिडिटी झाली" म्हणून सोडा पितो. चालताना येतं आणि थांबलं की जातं असं काही होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

## टप्पा २: सामान (थोडंच आहे)

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसणारा बूट चालताना बोटांना चावतो. अंगठ्यापुढे एक बोटभर जागा हवी. टाच पक्की, तळाला खाच. महागच हवा असं काही नाही, पण मुलाचा जुना, नवऱ्याचा एक नंबर मोठा, असले प्रकार नकोत. तळ गुळगुळीत झाला की बदला.

स्पोर्ट्स ब्रा. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. भरभर चालताना छातीला नीट आधार नसला की खांदे पुढे ओढले जातात, मान आखडते, आणि बाई नकळत हळू चालायला लागते. दुकानात घालून दोन उड्या मारून बघा, हसतील तर हसू देत.

बाकी: हात नसलेली पक्की खुर्ची, एक-एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या (भरली की एक किलो, डंबेल आणायचं कारण नाही), मोकळी भिंत, सतरंजी. झालं.

वेळ पण आत्ताच ठरवा आणि घड्याळावर ठरवू नका, घरातल्या एखाद्या कामाला बांधा. "सहा वाजता" म्हटलं की सहाला दूधवाला येतो, पाणी जातं, सासूबाईंना चहा हवा असतो. त्यापेक्षा "मुलाची व्हॅन गेली की घरात परत न येता तसंच पुढे" हे टिकतं. घरात एकदा शिरलं की गेला दिवस! आमच्यातली एक जण पोळ्यावाल्या मावशी आल्या की बूट घालते, मावशी अर्धा तास असतात, त्यांच्या जायच्या आत परत.

## टप्पा ३: पहिले दोन आठवडे फक्त हजेरी

रोज १० ते १५ मिनिटं. सपाट रस्ता. घाम आला पाहिजे असं काही नाही. आठवड्यात पाच दिवस.

इथे सगळ्याजणींचा जीव कासावीस होतो, "एवढ्याने काय होणार?" काहीच होणार नाहीये, दोन आठवडे हे फक्त घराला सवय लावायला आहेत. नवऱ्याला कळलं पाहिजे की या वेळेला डबा त्याने भरायचा आहे, मुलांना कळलं पाहिजे की मोजे कुठे आहेत हे आई आत्ता सांगणार नाही. पहिल्याच दिवशी तासभर गेलात तर तीन दिवसांनी घरातून कुरकुर आणि पायातून कळा एकदमच सुरू होतात, आणि दोन्हींशी एका वेळी नाही भांडता येत.

तपासा: दोन आठवड्यांत दहापैकी आठ दिवस झाले का? झाले तर पुढे. नाही तर वेळ बदला आणि हाच टप्पा पुन्हा करा.

## टप्पा ४: चालणं, पण कामाचं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि शिवाय दोन किंवा जास्त दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय. बहुतेक बायका यातला पहिला अर्धा ऐकतात, आणि तोही अर्धवट, कारण "मध्यम जोराचा" हा शब्द गाळून टाकतात.

मध्यम जोर कसा ओळखायचा? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. शेजारणीशी बोलताना मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं पाहिजे. पूर्ण भिशीचा हिशोब, कुणाच्या सुनेने काय केलं, सगळं सलग सांगून होत असेल तर ते फिरणं आहे. मनाला बरंच आहे ते, पण १५० मिनिटांत धरू नका.

"मी घरात दिवसभर फिरतेच की" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. खरं सांगू का, घरकाम धरलं जातं, पण कसोटी तीच. खाली बसून फरशी घासली, बादल्या उचलल्या, गच्चीवर ओले कपडे नेले आणि दम लागला तर ते मोजा. ओट्यापाशी तीन तास उभं राहणं हे दमणं आहे, व्यायाम नाही. पाय दुखतात पण हृदयाला काहीच काम पडत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून असं करा:

१. पाच मिनिटं हळू.
२. दहा मिनिटं भरभर, वरच्या कसोटीने. हात कोपरात वाकवून हलवा, मोबाइल हातात धरून चाललं की एक हात हलतच नाही.
३. पाच मिनिटं हळू.
४. दर आठवड्याला मधला भाग पाच मिनिटांनी वाढवा, ३० पर्यंत. आठवड्याला पाच दिवस म्हणजे १५० झाले.

एका दमात ३० होत नसतील तर सकाळी १५ आणि जेवणानंतर १५ चालतं. उलट ज्यांची शुगर काठावर आहे त्यांना जेवणानंतरचं चालणं जास्त उपयोगी, कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर जी एकदम वर जाते ती कमी जाते. आपल्या आजीची शतपावली हीच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं करा. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) असलेल्या मुलींनाही हेच सांगते, तिथे पण मूळ गोंधळ बऱ्याचदा इन्सुलिन नीट लागू न पडण्याचा असतो आणि व्यायामाने, वजन तसूभर उतरलं नाही तरी, त्यात फरक पडतो.

पुण्यात कुठे चालायचं तर सपाट आणि ट्रॅफिक कमी असेल तिथे. सारसबाग, कमला नेहरू पार्क, तळजाईचं वरचं पठार, नाहीतर सोसायटीचं पार्किंग. पावसाळ्यात पार्किंगच बरं, शेवाळावर घसरून मनगट मोडलं की सहा आठवडे गेले. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत परत या.

नेहमीची चूक: बहुतेक जणी इथेच थांबतात. वर्षानुवर्षं तेवढंच चालतात आणि मग म्हणतात, रोज चालते तरी गुडघे दुखतात, रोज चालते तरी डीएक्सए स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) हाडं विरळ आली. चालणं हृदयाला, बीपीला, शुगरला, झोपेला छान आहे. स्नायू आणि हाडांसाठी एवढं पुरत नाही.

## टप्पा ५: ताकद, ज्यासाठी हा सगळा खटाटोप

पाचव्या आठवड्यापासून आठवड्यात दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवसांची सुट्टी. सोमवार-गुरुवार म्हणा. वीस-पंचवीस मिनिटं, घरात, गाऊनवर केलं तरी चालतं (पायात अडकणार नाही एवढं बघा).

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते. इस्ट्रोजेन कमी झालं की त्या आगेमागे काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. हाडावर ओढ आणि भार पडला तर शरीर ते हाड राखायला बघतं, नाही पडला तर राखत नाही. स्नायूंचंही तसंच, न वापरलेला स्नायू वयाबरोबर कमी होतो आणि साखर साठवायची जागाही त्याच्याबरोबर कमी होते. त्यामुळे चाळिशीत केलेली ताकद ही साठीनंतर संडासातून एकटीने उठता यावं यासाठी आहे. दंड दाखवायला कुणी करत नाहीये.

"वजन उचललं की पुरुषासारखे दंड होतील" या भीतीला एकच उत्तर, बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन त्या मानाने फारच कमी असतं. वर्षभर करून मला साडीच्या ब्लाउजची एक शिवण पण उसवायला लागली नाही.

आधी मोजा: भिंतीला खुर्ची टेकवा, हात छातीवर दुमडा, ३० सेकंदांत पूर्ण उठून किती वेळा परत बसता ते लिहून ठेवा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. तुम्ही पंचेचाळीशीच्या असून नऊवर अडकलात तर लाजू नका, पण टेकडीचं नाव इतक्यात काढू नका.

आता सहा व्यायाम, याच क्रमाने. पाय आधी, कारण दम असतो तोवर मोठे स्नायू उरकून घ्यायचे.

१. खुर्ची उठ-बस. पाय खांद्याएवढे लांब. बसताना आधी कंबर मागे ढकला, गुडघे आत पडू देऊ नका. बसताना तीन आकडे मोजत हळू बसा, धपकन नाही. सगळं काम त्या हळू बसण्यात आहे, टेकडी उतरताना मांडी हेच काम करते. १० वेळा.

२. पूल. सतरंजीवर उताणं, गुडघे वाकवून, कंबर वर. कुल्ले आवळा, वर दोन सेकंद थांबा. कंबरेत कळ आली तर कमी उचला. १० वेळा.

३. टाचा उचलणं. ओट्याला हात लावून दोन्ही टाचा वर, हळू खाली. १५ वेळा. हा एक कुकरच्या शिट्ट्यांमध्येही होतो, आमच्याकडे तिसऱ्या शिट्टीला पंधरा पूर्ण होतात.

४. भिंतीवर दंड. भिंतीपासून हातभर लांब, तळवे छातीच्या उंचीला, अंग फळीसारखं सरळ ठेवून भिंतीकडे जा आणि ढकला. सोपं झालं की ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर. ८ ते १० वेळा.

५. बाटली ओढणं. एक हात खुर्चीवर टेकवून पुढे वाका, पाठ सरळ, दुसऱ्या हातातली बाटली बरगडीकडे ओढा, कोपर मागे. दोन्ही बाजूंना दहा-दहा. दिवसभर कणीक मळून, मोबाइल बघून खांदे पुढे आलेले असतात, त्यावर हाच उतारा.

६. पिशव्या नेणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, ताठ उभं राहून हॉलमध्ये ३० सेकंद चाला. दोन-दोन किलोचे बटाटे पुरेत सुरुवातीला. मंडईतून आणतो तसंच, फक्त मंडईतून आपण सगळं एकाच खांद्यावर आणतो.

पहिले दोन आठवडे सगळ्याचा एकच सेट, मग दोन. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण करता आल्या पाहिजेत. सहज होतंय म्हणजे वाढवायची वेळ झाली.

सावधान, श्वास: जोर लावताना श्वास रोखू नका, बीपी एकदम वर जातं. जोर लावताना सोडा, परत येताना घ्या. मोठ्याने आकडे मोजत केलं की श्वास आपोआप रोखला जात नाही.

सावधान, दुखणं: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी भरून येते, जिना उतरताना "आई गं" होतं, ते ठीक आहे, तीन-चार दिवसांत जातं. सांध्यात टोचणं, सूज, एकाच बाजूला सुईसारखं दुखणं हे ठीक नाही. तो व्यायाम बंद, आठवड्यात गेलं नाही तर दाखवा.

### शिंकताना थेंब गळतो त्याचं काय

हे कारण सांगून कुणीच व्यायाम सोडत नाही, पण यामुळेच किती जणी सोडतात हे मला हळूच कानात सांगितलेल्या गोष्टींवरून कळलंय. बाळंतपणानंतर किंवा पाळी जायच्या सुमारास ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. उपाय आहे. लघवी आणि गॅस दोन्ही एकदम रोखतोय असं आत-वर ओढा, पाच सेकंद धरा, पूर्ण सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका, तो चुकीचा सल्ला फार फिरतो. फरक कळायला तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडू नका. तोवर दोरीवरच्या उड्या आणि झुंबा थांबवा, वरचे सहा व्यायाम चालू ठेवा. खाली काहीतरी उतरल्यासारखं, जड वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

## टप्पा ६: आता टेकडी

आठ-दहा आठवडे झाले, उठ-बस ३० सेकंदांत १५ च्या पुढे गेली, ३० मिनिटं भरभर चालता येतं, गुडघा शांत आहे. मग चला.

सुरुवात पर्वतीने करा. १०३ पायऱ्या आहेत, रुंद आहेत, दम लागला तर थांबायला जागा आहे. पहिल्या दिवशी एकदाच चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो ते ऐका. दोन आठवडे त्रास झाला नाही की हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी, आठवड्यातून एकदा, भरभर चालण्याच्या एखाद्या दिवसाऐवजी. त्याच्यावर अजून एक म्हणून नाही.

चढताना दम लागतो म्हणून सगळ्याजणी चढण्याला घाबरतात, पण गुडघ्याची वाट लागते ती उतरताना. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, गप्पा बंद. मुरमाच्या उतारावर शेजारणीकडे बघून बोलता बोलता पाय सरकतो, वेताळवर दर आठवड्याला कुणीतरी अशी बसलेली दिसते. काठी न्यायला लाज वाटू देऊ नका. एकटीने अंधारात जाऊ नका, आणि पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस वाट सुकू द्या.

सिंहगड याच्याही पुढे. रविवारी गर्दीत तर नाहीच, पुढच्याचे पाय बघत उतरताना आपले पाय कुठे पडतात कळत नाही.

## टप्पा ७: बारा आठवड्यांनी मोजा, वजनकाटा सोडून

फक्त व्यायामाने वजन फार हळू उतरतं, बऱ्याचदा तीन महिन्यांत किलो-दीड किलो, कधी काहीच नाही. काट्यावर उभं राहून "सगळं फुकट गेलं" म्हणत सोडून देणाऱ्या बायका मी बघितल्यात. त्याऐवजी हे लिहून ठेवा:

- खुर्ची उठ-बस ३० सेकंदांत किती. माझी ७ वरून १७ झाली होती.
- बेंबीच्या पातळीला पोटाचा घेर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका वाढतो असं धरतात.
- बीपी, आणि एचबीएवनसी पुन्हा.
- झोप लागायला किती वेळ लागतो.
- तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर लगेच बोलता येतं का.

वाढवायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट. एक लिटरच्या बाटलीऐवजी दोनची घ्या किंवा सेट वाढवा किंवा चालणं वाढवा, तिन्ही एकाच आठवड्यात नको.

## मध्येच येणारे प्रश्न, पटकन

पाळीत करू का? करा, झेपेल तेवढं. चालण्याने बऱ्याच जणींचं पोटदुखीचं प्रमाण कमी होतं. पण दर तासाला पॅड बदलावा लागत असेल तर ते व्यायामाचं नाही, डॉक्टरचं काम आहे, आणि हिमोग्लोबिन कुठे जातंय तेही तिथेच कळेल.

डिलिव्हरीनंतर? हळू चालणं आणि ओटीपोटाचे व्यायाम लवकर चालू होतात, बाकीचं साधारण सव्वा महिन्यानंतरची तपासणी झाल्यावर. सिझर असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. पोट कमी करायला लगेच सिटअप्स घालायला बसू नका, पोटाचे स्नायू मध्ये फाकलेले असतील तर ते अजून फाकतात. आधी तपासून घ्या.

हाडं ठिसूळ आहेत असं सांगितलंय. पुढे झुकून पाठ गोल करणारे आणि कंबर पिळणारे व्यायाम टाळा, योगासनातलेसुद्धा. बाकी सगळं फिजिओला विचारून.

योगा करते, पुरे ना? लवचिकता, तोल, मन शांत, हे सगळं खरं. सूर्यनमस्कार भरभर घातले तर दमही लागतो. पण ओढायचा आणि उचलायचा व्यायाम त्यात जवळपास नाही, म्हणून टप्पा ५ मधले बाटली ओढणं आणि पिशव्या नेणं हे दोन तरी जोडा.

खायचं काय? प्रोटीन, दर जेवणात. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण पाऊण ते एक ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला ४५ ते ६०. वाटीभर वरणात पाच-सात ग्रॅम येतं, एका अंड्यात सहा. आता बघा, चहा-बिस्किट, दोन पोळ्या-भाजी, रात्री खिचडी यात किती होतं? पंचेचाळीस नक्कीच नाही. मटकीची उसळ, पिठलं, ताक, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते वाढवा, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेलं पातळ वरण आपल्या ताटात ओतायची सवय बंद करा.

## खाडा पडला तर

पडणारच. गौरी-गणपती येणार, लग्नं येणार, मुलाची दहावी येणार, ताप येणार.

एका आठवड्याचा खाडा असेल तर होतं तिथूनच पुढे. दोन ते चार आठवड्यांचा असेल तर एक पायरी मागे, म्हणजे दोन सेट करत होतात तर एक, ३० मिनिटं चालत होतात तर २०. त्याहून जास्त असेल तर टप्पा ३ पासून, पण यावेळी एकच आठवडा. तापातून उठल्यावर ताप जाऊन पूर्ण दोन दिवस झाल्याशिवाय बूट घालू नका, आणि डेंग्यू-चिकनगुनियासारखं काही झालं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

गौरीच्या तीन दिवसांत मला कुठलाच व्यायाम होत नाही. टाचा उचलणं तेवढं होतं, पुरणाच्या डाळीला कुकर लावलेला असतोच.